नंबर लागेपर्यंत

१

मराठी माणूस वाट पाहतो म्हणजे शब्दशः रस्त्याकडे पाहतो. येणारा ज्या वाटेने येणार त्या वाटेवर डोळे लावून बसणे, हा या शब्दप्रयोगाचा मूळ अर्थ. ‘प्रतीक्षा’ या संस्कृत शब्दातही ‘ईक्ष्’ हा पाहण्याचाच धातू आहे. ‘तिष्ठणे’ या क्रियापदात उभे राहणे आहे, ‘ताटकळणे’ यात उभे राहून पाय अवघडणे आहे आणि ‘खोळंबणे’ यात कुणीतरी किंवा कशाने तरी अडवून धरणे आहे. या सर्व शब्दांत एक देह आहे. तो कुठेतरी उभा आहे, त्याचे डोळे आणि पाय दुखत आहेत. अलीकडे यांच्या जोडीला एक नवा शब्द आपल्या बोलण्यात रुळला आहे : ‘वेटिंग’. ‘गाडीला सहा महिन्यांचं वेटिंग आहे’ हे वाक्य आपण सहज बोलतो. या वाक्यात वाट पाहणारा माणूस कुठेच नाही. वेटिंग गाडीला आहे. जणू रंग किंवा वजन यांसारखा तो त्या वस्तूचाच एक गुणधर्म असावा.

भाषा शिकवणाऱ्यांना असल्या गोष्टी उगीचच खुपतात, हे आम्हांला ठाऊक आहे. परंतु २०२२ च्या गुढीपाडव्याला आम्ही दोघांनी एक मोटार नोंदवली आणि पुढचे जवळजवळ वर्ष या शब्दांच्या सहवासात काढले. त्या काळात जे सुचले, जे पाहिले आणि जे घरातल्या एका वृद्ध माणसाकडून ऐकले, त्याची ही टिपणे आहेत. मोटारीच्या कंपनीचे किंवा विक्रेत्याचे नाव येथे देत नाही. तक्रार करणे हा या लेखनाचा हेतू नाही, आणि ज्या यातायातीतून आम्ही गेलो त्यातून त्या सुमारास देशातली असंख्य कुटुंबे जात होती.

२

आमची जुनी मोटार २००७ सालची. पंधरा वर्षांची नोंदणी संपत आल्याने ती काढून टाकणे भाग होते. नवी घेण्यामागे आणखी एक कारण होते. आप्पांचे, म्हणजे घरातल्या वडिलांचे, गुडघे. जुन्या गाडीच्या खोल सीटमध्ये बसणे आणि त्यातून उठणे त्यांना जमेनासे झाले होते. उंच सीटची गाडी हवी होती. वाईला त्यांची थोरली बहीण राहत असे. आम्ही तिला माईआत्या म्हणत असू. दोघे भाऊबहीण करोनाच्या काळापासून एकमेकांना भेटले नव्हते. भाड्याची गाडी करून जाऊ, असे आम्ही दोन-तीनदा सुचवले. आप्पा म्हणाले, “घाई नाही. आपली गाडी येऊ दे. तिला गाडीत बसवून मेणवलीपर्यंत फिरवून आणायचं आहे.”

एकवीस हजार रुपये भरून नोंदणी झाली. गाडी गणपतीपर्यंत मिळेल, असे विक्रेत्याकडच्या तरुणाने सांगितले. ऑगस्टमध्ये विचारले तेव्हा तो दसरा म्हणाला. दसऱ्याच्या आठवड्यात दिवाळीचा पाडवा. साडेतीन मुहूर्तांची आपली परंपरा वाहनविक्रीच्या धंद्याने किती मनोभावे जपली आहे, याचा प्रत्यय येत होता. प्रत्येक वेळी तो तरुण नम्रपणे एकच वाक्य बोले, “वरून काही कळलेलं नाही, सर.” हे ‘वरून’ म्हणजे नेमके कुठून, हे त्यालाही ठाऊक नसावे. त्याच्या वर व्यवस्थापक होता, व्यवस्थापकाच्या वर विभागीय कार्यालय, त्याच्या वर दुसऱ्या राज्यातला कारखाना. आणि कारखान्याच्या वर, आम्ही वाचले त्यानुसार, तैवान आणि जपान.

कारण तसे खोटे नव्हते. २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा जगभरच्या मोटार कंपन्यांनी सुट्या भागांच्या मागण्या रद्द केल्या. त्यांत अर्धवाहक चिपांच्याही मागण्या होत्या. त्याच काळात घरात अडकलेल्या जगाला संगणक, भ्रमणध्वनी, दूरचित्रवाणी संच हवे झाले आणि चिप बनवणाऱ्यांनी आपली क्षमता तिकडे वळवली. मोटारींची मागणी अपेक्षेपेक्षा लवकर परतली, तेव्हा रांगेत मोटार कंपन्या मागे पडल्या होत्या. २०२१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील टेक्सासमध्ये हिमवादळाने चिपचे कारखाने बंद पडले, मार्चमध्ये जपानमधील रेनेसास कंपनीच्या नाका येथील कारखान्याला आग लागली. आजच्या मोटारीत इंजिनापासून काचा खालीवर करण्यापर्यंत सर्वत्र या चिपा असतात, आणि एखादी स्वस्तातली चिप नसली तरी लाखोंची गाडी कारखान्याच्या आवारात अपुरी उभी राहते. म्हणजे आम्ही ज्या गाडीची वाट पाहत होतो, ती गाडीसुद्धा कशाची तरी वाट पाहत होती.

पुण्याच्या आसपास तर या वाट पाहण्याला एक वेगळाच विरोधाभास होता. चाकणच्या कारखान्यात बनणाऱ्या महिंद्रच्या ‘एक्सयूव्ही ७००’ ची नोंदणी ७ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाली आणि पहिल्या पंचवीस हजार गाड्या ५७ मिनिटांत नोंदवल्या गेल्या. ३० जुलै २०२२ रोजी ‘स्कॉर्पिओ-एन’ ची नोंदणी उघडली, तेव्हा अर्ध्या तासात हा आकडा एक लाखावर गेला. कारखाना इथून तासाभराच्या अंतरावर. आणि ग्राहकाला मात्र काही प्रकारांसाठी वर्षाहून अधिक थांबणे आले. नाशिक रस्त्याने जाताना नव्या मोटारी वाहून नेणारे लांबलचक ट्रक दिसतात. ज्याची गाडी नोंदवलेली आहे, त्याला या ट्रकांकडे पाहताना काय वाटते, हे त्या वर्षी आम्हांला कळले.

३

आप्पांना यातल्या कशाचेच आश्चर्य नव्हते. त्यांनी १९७३ साली स्कूटर नोंदवली होती आणि ती त्यांना १९८० साली मिळाली. मधल्या सात वर्षांत त्यांचे लग्न झाले, भाड्याच्या दोन खोल्या बदलल्या आणि पहिले मूलही झाले. स्कूटर या सर्वांच्या नंतर आली. पाटबंधारे खात्यातल्या कारकुनाच्या आयुष्यात गोष्टींचा क्रम असा लागत असे.

स्कूटर ही तेव्हा नियंत्रित वस्तू होती. १९६० च्या नियंत्रण आदेशाने तिच्या वितरणाला आणि विक्रीला नियम घालून दिले होते. आप्पांनी पोस्टात अनामत भरली, त्या बचत खात्याचे पासबुक विक्रेत्याकडे तारण ठेवले आणि त्यांना एक क्रमांक मिळाला. तो क्रमांक त्यांना आजही पाठ आहे. पगारदार माणूस दर चार-सहा महिन्यांनी विक्रेत्याकडे चक्कर मारी आणि सध्या कितवा क्रमांक चालू आहे, ते पाहून येई. तिथे त्याच्यासारखेच दोघेचौघे भेटत. कुणाचा क्रमांक आधीचा, कुणाचा नंतरचा, यावरून ओळखी होत. आप्पांचे एक आयुष्यभराचे स्नेही त्यांना या यादीतच मिळाले. त्यांचा क्रमांक आप्पांच्या नंतरचा होता, त्यामुळे ते आप्पांना थट्टेने ‘पुढचे’ म्हणत.

या मागची गोष्ट पुणेकरांना थोडीफार ठाऊक असते. बजाज कंपनीला स्कूटर व रिक्षा बनवण्याचा परवाना १९५९ मध्ये मिळाला. इटलीच्या पियाज्जिओशी असलेला करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये राणा प्रतापाच्या घोड्याचे नाव घेऊन ‘चेतक’ आली. आकुर्डीच्या कारखान्यातून स्कूटरी बाहेर पडत, परंतु किती बाहेर पडाव्यात हे बाजार ठरवत नसे. १९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्याने उत्पादनाची क्षमता परवान्याला बांधलेली होती. ती वाढवायची तर दिल्लीची परवानगी हवी, आणि १९६९ च्या मक्तेदारीविरोधी कायद्यानंतर मोठ्या उद्योगांना ती मिळणे आणखी दुरापास्त झाले. मागणी वाढत गेली, क्षमता रेंगाळत राहिली, आणि चेतकसाठीची प्रतीक्षा काही काळ दहा वर्षांपर्यंत गेली. पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज यांच्या भागीदारीत १९७५ मध्ये साताऱ्याला ‘महाराष्ट्र स्कूटर्स’ सुरू झाली आणि ‘प्रिया’ आली, तरी रांग संपली नाही. ज्यांना थांबणे शक्य नव्हते त्यांनी १९७२ मध्ये पुण्याच्याच कायनेटिकने आणलेली लूना घेतली. बाकीचे सायकल चालवत राहिले.

आजच्या काही लेखनात या काळाविषयी एक हळवी आठवण पसरलेली दिसते. त्या काळी माणसे संयमी होती, वस्तूची किंमत कळत होती, वगैरे. आप्पांच्या सांगण्यात हा हळवेपणा नाही. ती यादी त्यांना जशी मित्र देऊन गेली, तशीच ती किती सच्छिद्र होती हेही त्यांनी पाहिले होते. सरकारी नोकरांसाठी वेगळा कोटा होता. परदेशातल्या नातेवाइकाने परकीय चलनात पैसे भरले, तर स्कूटर रांगेबाहेर मिळे. कुणी आपला क्रमांक लागल्यावर मिळालेली स्कूटर दारातच जास्त पैशांना विकून टाकी. ‘ऑन’ हा शब्द मराठी मध्यमवर्गीय घरांत शिरला तो बहुधा असल्याच व्यवहारांतून. आणि मुळात या यादीत नाव घालायला अनामत रक्कम लागे. ज्यांच्यापाशी ती नव्हती, ते पीएमटीच्या थांब्यावर उभे होते. त्यांच्या उभे राहण्याला कुणी क्रमांक दिलेला नव्हता. टंचाईच्या काळातही रांगेत असणे हा एक प्रकारचा विशेषाधिकार होता, हे विसरून केलेले स्मरणरंजन आम्हांला अपुरे वाटते.

तरीही त्या यादीचा एक गुण मान्य करावा लागतो. ती दिसत होती. तिच्यावर अन्याय झाला तर तो अन्याय म्हणून ओळखता येत होता, कारण क्रम सर्वांना ठाऊक होता. रांग मोडणारा कुणीतरी आहे, असे म्हणण्यासाठी आधी रांग दिसावी लागते.

४

आमच्या नोंदणीलाही क्रमांक होता, चौदा अक्षरांचा. त्यावरून आमच्या आधी किती जण आहेत, हे कळण्याची सोय नव्हती. कंपनीच्या भ्रमणध्वनीवरील सुविधेत तो घातला की एक अंदाजे तारीख दिसे, आणि काही दिवसांनी ती तारीख निमूटपणे पुढे सरकलेली असे. रांग होती, परंतु ती प्रत्येकाने एकट्याने उभे राहण्याची रांग होती. सात-आठ महिन्यांत आम्हांला या रांगेतला दुसरा एकही माणूस भेटला नाही.

नोव्हेंबरच्या सुरुवातीस विक्रेत्याकडून एक सूचना आली. वरच्या श्रेणीतली, छताला काच असलेली गाडी घेण्याची तयारी असेल, तर ती तीन आठवड्यांत मिळू शकेल. किंमत पावणेदोन लाखांनी अधिक. याला कुणी काळाबाजार म्हणणार नाही. सर्व काही पावतीसह, उघड आणि कायदेशीर. परंतु पूर्वी जे पैसे दारात उभ्या दलालाला मिळत ते आता श्रेणीच्या नावाखाली दिले जातात, एवढाच फरक आम्हांला त्यात दिसला. आप्पांनी हिशेब ऐकून घेतला आणि म्हणाले, “म्हणजे ऑनच की रे हा.” आम्ही थांबायचे ठरवले. किंमत नोंदणीच्या दिवसाची नसून ताब्याच्या दिवसाची धरली जाईल, अशी अट होती. ती या काळात दोनदा वाढली. आप्पांच्या स्कूटरलाही हीच अट होती. सत्तर-ऐंशीच्या दशकांतला परवाना आणि आजचा मुक्त बाजार यांच्यात एकमत असलेली ही एक जागा म्हणावी लागेल.

रांगेला नशिबाची जोड देण्याचा प्रयोगही आपल्याकडे होऊन गेला आहे. २००९ च्या एप्रिलमध्ये टाटांच्या ‘नॅनो’ ची नोंदणी झाली, तेव्हा २ लाख ३ हजार जणांनी ती नोंदवली आणि पहिले एक लाख ग्राहक संगणकाने सोडत काढून निवडले. बाकीच्यांनी एक तर थांबायचे, नाही तर पैसे परत घ्यायचे. रांगेत आधी कोण आले, हा प्रश्नच या पद्धतीत निकालात निघतो. सोडतीत हरलेला माणूस कुणावर रागावणार?

साहित्याच्या अभ्यासकाला येथे दोन नाटके आठवणे स्वाभाविक आहे. बेकेटचे ‘वेटिंग फॉर गोदो’ १९५३ मध्ये पॅरिसमध्ये रंगभूमीवर आले आणि न येणाऱ्याची वाट पाहणे ही आधुनिक माणसाची मूळ अवस्था आहे, असे आपण वर्गावर्गांतून शिकवू लागलो. परंतु पुण्याचे नाटक दुसरे आहे. सतीश आळेकरांचे ‘महानिर्वाण’ १९७४ मध्ये आले. भाऊराव मरण पावले आहेत, आणि जुन्याच स्मशानात आपले दहन व्हावे असा त्यांचा हट्ट आहे. ते स्मशान तर बंद झालेले. मग प्रेत घरातच थांबते, चाळ बोलत राहते, मृत माणूस स्वतःच कीर्तन लावतो. गोदोची वाट पाहणाऱ्या दोघांच्या पुढे ओसाड रस्ता आणि एक झाड आहे. भाऊरावांच्या पुढे महापालिकेचा निर्णय आहे. मराठी माणसाची प्रतीक्षा तत्त्वज्ञानाच्या माळरानावर फारशी घडत नाही. ती कार्यालयात, चाळीत, फलाटावर घडते आणि तिच्याभोवती नेहमी चार माणसे बडबडत असतात. पुलंच्या ‘म्हैस’ मध्येही एसटी अडते, ती पंचनाम्यासाठी, आणि अडलेल्या उतारूंचा बघता बघता एक समाज तयार होतो.

आपल्या परंपरेतला सर्वांत मोठा वाट पाहणारा तर प्रत्यक्ष पंढरपुरी उभा आहे. पुंडलिक आईवडिलांची सेवा करीत होता, म्हणून त्याने देवाला वीट दिली आणि थांबायला सांगितले. या कथेत थांबवणारा समोर दिसतो आहे. थांबवण्याचे कारणही दिसते आहे, आणि ते कारण थांबणाऱ्याला मान्य आहे. तिष्ठत राहण्यातला अपमान नाहीसा व्हायला एवढ्या तीन गोष्टी पुरेशा असतात. ज्ञानदेवांच्या विरहिणीजवळही निदान दिशा असते. कोणत्या वाटेकडे पाहायचे ते तिला ठाऊक असते. ‘वरून काही कळलेलं नाही’ या वाक्यात यांपैकी काहीच शिल्लक राहत नाही. वर कोण आहे ते दिसत नाही, त्याचे कारण कळत नाही आणि डोळे कोणत्या वाटेला लावायचे तेही सांगता येत नाही.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात माईआत्या गेली. पहाटे फोन आला. आम्ही भाड्याची गाडी केली आणि आप्पांना घेऊन वाईला गेलो. मागच्या सीटवर त्यांना तिरके बसवावे लागले. खंबाटकी ओलांडेपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. वाईत उतरल्यावर म्हणाले, “थांबली असती तर बरं झालं असतं.” ते गाडीविषयी बोलत नव्हते.

५

वाट पाहण्याविषयी एवढे लिहिल्यावर आमच्याच शिक्षकखोलीतल्या एका माणसाविषयी न लिहिणे योग्य होणार नाही.

आमच्या विभागात एक तरुण सहकारी आहेत. तरुण म्हणायचे, पण आता चाळिशीकडे झुकलेले. मराठीत एम. ए., नेट उत्तीर्ण, पीएच. डी. झालेली. गेली अनेक वर्षे ते तासिका तत्त्वावर शिकवतात. ज्यांना ही संज्ञा अपरिचित असेल त्यांच्यासाठी सांगायचे तर, जेवढे तास घेतले तेवढ्याचे मानधन. सुटीचे नाही, परीक्षेच्या काळातले नाही, उन्हाळ्याचे तर नाहीच. ते मानधनही महिन्याच्या महिन्याला मिळेल, असे नाही. सकाळी ते आमच्याकडे शिकवतात आणि दुपारी दुचाकीवरून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या महाविद्यालयात जातात. अनुदानित महाविद्यालयांत माणसे निवृत्त होत राहतात. रिकाम्या जागा भरण्यासाठी शासनाची परवानगी लागते आणि ती परवानगी वर्षानुवर्षे अडून राहते. अशा जागांवर अशीच माणसे शिकवत असतात. महाराष्ट्रातल्या कोणत्याही महाविद्यालयाच्या शिक्षकखोलीत पाहिले तर हे दृश्य दिसेल.

त्या हिवाळ्यात आमच्या गाडीची चौकशी हा शिक्षकखोलीतला रोजचा विषय झाला होता. एके दिवशी आमच्यापैकी एकाने चौदा अक्षरी क्रमांकाची कैफियत जरा रंगवून सांगितली. सगळे हसले. तेही हसले, आणि डबा बंद करता करता म्हणाले, “सर, तुमच्या गाडीला निदान नंबर तरी आहे.”

यात टोमणा नव्हता. ते वाक्य त्यांनी अगदी साधेपणाने उच्चारले होते, म्हणूनच ते आमच्या मनातून गेले नाही. मोटारीला उशीर होतो तेव्हा तिचा करार असतो, पावती असते, रद्द केली तर एकवीस हजार रुपये परत मिळण्याची तरतूद असते. वयाची तिशी ते चाळिशी या दहा वर्षांची पावती कुणी देत नाही. परवान्याच्या राज्यात वस्तूंची टंचाई होती आणि माणसे वस्तूंसाठी थांबत होती. १९९१ नंतर वस्तूंच्या रांगा ओसरल्या. टेलिफोन, गॅस, स्कूटर सर्व काही आले. ‘हमारा बजाज’ ची जाहिरात १९८९ मध्ये दूरदर्शनवर आली तेव्हा स्पर्धा दाराशी येऊन ठेपली होती, आणि पुढे २००७ मध्ये आकुर्डीतले वाहनउत्पादनच थांबले. (२०२२ पासून तिथे विजेवरची चेतक तयार होऊ लागली, हा त्या गोष्टीचा वेगळा अध्याय.) रांग संपली असे आपण समजलो. ती सरकून नोकरीच्या दाराशी गेली होती.

पुण्यात हे पाहायला दूर जावे लागत नाही. सदाशिव पेठ आणि नवी पेठ येथल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी हजारो मुले सकाळी सातपासून बसलेली असतात. ११ मार्च २०२१ रोजी लोकसेवा आयोगाची तीन दिवसांवर आलेली पूर्वपरीक्षा पुन्हा एकदा पुढे ढकलल्याचे जाहीर झाले, तेव्हा ही मुले शास्त्री रस्त्यावर उतरली आणि रात्रीपर्यंत तिथेच बसून राहिली. इतकी वर्षे वाटेकडे पाहणाऱ्यांनी त्या दिवशी वाटच अडवली. परीक्षा मग २१ मार्चला झाली. रांगेतल्या माणसांना एकमेकांचे चेहरे दिसले की काय होऊ शकते, याचे हे उदाहरण आम्हांला महत्त्वाचे वाटते. आप्पांच्या यादीत ते बळ थोडेसे होते. चौदा अक्षरी क्रमांकात ते नाही, आणि तासिका तत्त्वावर दोन महाविद्यालयांमध्ये धावणाऱ्या माणसाला तर दुसऱ्या धावणाऱ्याला भेटण्याइतकीही उसंत नसते.

६

गाडी २०२३ च्या मार्चमध्ये, पाडव्याच्या चार दिवस आधी आली. आम्ही आप्पांना सोबत नेले होते. गाडीवर लाल आच्छादन घातले होते. ते ओढायचे, नारळ वाढवायचा, केक कापायचा आणि हातभर लांबीची पुठ्ठ्याची किल्ली धरून छायाचित्र काढायचे, असा एक विधी तिथे तयार झाला आहे. आप्पांनी तो सर्व शांतपणे पार पाडला. मग त्यांनी त्या तरुणाला विचारले, “आमच्यानंतर कुणाचा नंबर?”

त्याला प्रश्न कळला नाही. आप्पांनी पुन्हा विचारले. आमच्या मागे जो आहे त्याला निरोप गेला का, त्याची कधी येणार, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते. “ते सिस्टीम ठरवते, आजोबा,” तो म्हणाला. आप्पा मान हलवून गाडीकडे वळले. सीट उंच होती. त्यांना विनासायास बसता आले.

पुढच्या रविवारी आम्ही वाईला गेलो. माईआत्याच्या घराला कुलूप होते. आप्पांना मेणवलीला जायचे होते म्हणून तिथवर गेलो. घाटाच्या पायऱ्या उतरणे त्यांना शक्य नव्हते; ते गाडीतच काच खाली करून बसले आणि बराच वेळ कृष्णेकडे पाहत राहिले. ‘पुढचे’ म्हणणारे त्यांचे ते स्नेही कधीच निवर्तले आहेत, हे त्यांनी परतताना सहज सांगितले. यादीतले बहुतेक जण आता राहिलेले नाहीत.

सहकाऱ्यांची गोष्ट मात्र भूतकाळात सांगण्याजोगी झालेली नाही. दर जूनमध्ये त्यांच्या नव्या वर्षाच्या नेमणुकीचे पत्र तयार होते. ही नेमणूक तात्पुरती असून तिच्या आधारे पदावर कोणताही हक्क सांगता येणार नाही, असे एक वाक्य त्यात असते. आमच्यापैकी एकाकडे विभागप्रमुखपद असल्यामुळे त्या पत्राची शिफारस आमच्याच स्वाक्षरीने पुढे जाते. यंदाही गेली. पत्र हातात घेताना त्यांनी विचारले, “सर, यंदा जाहिरात निघेल का?”

शासनाकडून महाविद्यालयाला कोणतेही पत्र आलेले नव्हते. जे खरे होते तेच आम्ही त्यांना सांगितले : वरून काही कळलेलं नाही.